गाठ गेली, पण माणूसच बदलला! डॉ. कोखर यांच्या चुकीतून जगाला थायरॉईड कसा कळला?

सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी थायरॉईडची गोळी. आज कितीतरी घरांत हे रोजचं आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी ही ग्रंथी शरीरात नेमकं काय करते, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते कळलं ते एका सर्जनने केलेल्या आणि पुढे जाहीरपणे मान्य केलेल्या चुकीमुळे.

त्यांचं नाव एमिल थिओडोर कोखर. जन्म २५ ऑगस्ट १८४१, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात. आल्प्स पर्वताच्या भागात मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गावोगावी गलगंडाचे रुग्ण. गाठ वाढली की श्वास अडायचा. ऑपरेशन करायचं, तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने जीव जायची भीती.

१८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी कोखर बर्न विद्यापीठात सर्जरीचे प्राध्यापक झाले. त्यांचा हात सावकाश चालायचा, पण काम अतिशय स्वच्छ. एकेक रक्तवाहिनी बांधत ते पुढे जायचे. रुग्ण वाचू लागले. कोखर यांचं नाव झालं.

आणि इथेच घात झाला. काम इतकं नीटनेटकं, की काही रुग्णांची ग्रंथी मुळापासून निघून गेली. घाईने ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या हातून तिचा थोडाफार तुकडा मागे राहायचा. कोखर यांच्या हातून तेवढाही राहत नव्हता.

१८७४ मध्ये त्यांनी एका ११ वर्षांच्या मुलीची पूर्ण ग्रंथी काढली होती. पुढे तिची धाकटी बहीण चारचौघींसारखी वाढली. ही मात्र बुटकीच राहिली, चेहरा सुजला, बुद्धी मंदावली. १८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन रेव्हर्दां यांनीही आपल्या रुग्णांमध्ये असेच बदल दिसल्याचं कोखर यांना सांगितलं.

कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं. पूर्ण ग्रंथी काढलेले बहुतेक जण थकलेले, सुजलेले, थंडीने गारठणारे निघाले. १८८३ मध्ये बर्लिनच्या सर्जरी परिषदेत त्यांनी हे सगळं उघडपणे मांडलं. साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं त्यांनी बंद केलं. कारण शोधताना मात्र त्यांचा अंदाज चुकला. त्यांना दोष श्वासनलिकेचा वाटला. खरं कारण होतं थायरॉईडच्या स्रावाचा अभाव. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन अशाच आजाराच्या रुग्णाला बरं केलं आणि शंका फिटली.

१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. तोवर त्यांच्याकडे गलगंडाच्या ऑपरेशनमध्ये दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी झालं होतं. २७ जुलै १९१७ रोजी बर्नमध्येच त्यांचं निधन झालं. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार सुरू झाला.

कोखर यांना न उलगडलेलं बरंच काही पुढे कळलं. थायरॉईड मुख्यतः टी-४ हार्मोन बनवतो. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक निघाला की जास्त प्रभावी टी-३ तयार होतं. हे काम करणाऱ्या एन्झाइममध्ये सेलेनियम असतं. मासे, अंडी, धान्य यांतून ते थोडंसं मिळालं तरी पुरतं. जास्त झालं तर अपायच होतो, म्हणून मनाने गोळ्या घेऊ नयेत.

हार्मोन कमी पडलं की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही आणि ते वाढतं. म्हणूनच कोलेस्टेरॉल जास्त निघालं, तर डॉक्टर अनेकदा थायरॉईडचीही तपासणी करायला सांगतात.

गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीवर सगळं शरीर चालतं, हे आज आपण सहज बोलून जातो. ते कळायला एका नामवंत डॉक्टरला आपल्याच बऱ्या झालेल्या रुग्णांना परत बोलावून पाहावं लागलं होतं.