शुक्राणू पहिल्यांदा पाहणारा कापड दुकानदार

मोबाईलला छोटं भिंग लावून घरच्या घरी शुक्राणू मोजायचं किट आता मिळतं. माझ्या एका मित्राने ते वापरलं, आकडा कमी आला आणि रात्री दोन वाजता मला स्क्रीनशॉट! दोन वर्षं तपासण्या मात्र एकट्या वहिनींच्याच चालल्या होत्या. त्याला काय सांगावं हे शोधता शोधता मी अँटनी ल्युवेनहॉकपाशी पोहोचलो.

हा १६३२ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात जन्मला. कॉलेज नाही, लॅटिन येत नाही, धंदा कापडाचा. भिंगं मात्र स्वतः बनवायचा. त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेलं एकच इवलं भिंग. पण त्यातला आज टिकून असलेला एक तब्बल २७० पट मोठं दाखवतो.

१६७७ मध्ये योहान हॅम नावाचा विद्यार्थी एका रुग्णाचं वीर्य घेऊन आला. त्यात वळवळणारे जीव होते. हा आजाराचाच प्रकार असेल का? ल्युवेनहॉकने स्वतःचं वीर्य तपासलं, तर तिथेही तेच! लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवताना मात्र गडी अवघडला. नमुना बायकोसोबतच्या संबंधानंतरचाच आहे असा खुलासा केला, वर विषय अशोभनीय वाटला तर छापू नका, असंही सांगितलं. साडेतीनशे वर्षं झाली, आपली पोरं डॉक्टरसमोर अजून तशीच चाचरतात.

तो चुकलाही. मूल शुक्राणूपासूनच घडतं, आईकडून फक्त पोषण मिळतं, असं तो धरून बसला. १७२३ मध्ये, नव्वदीत गेला.

शुक्राणू बनतात कसे, हे त्याच्या भिंगात दिसणं शक्य नव्हतं. वृषणातल्या मूळ पेशींवर रिसेप्टर असतात, फोनचा अँटेनाच समजा. शेजारच्या सर्टोली पेशी जीडीएनएफ हा ग्रोथ फॅक्टर सोडतात. रिसेप्टरने तो सिग्नल पकडला की मूळ पेशींचा साठा टिकतो. उंदरांमध्ये जीडीएनएफ कमी पडला तेव्हा हा साठाच आटत गेला. पुढच्या टप्प्याला 'किट' नावाचा दुसरा रिसेप्टर लागतो (आपल्या टेस्ट किटशी संबंध नाही हं).

मोबाईललाही यातलं काही दिसत नाही. तो फक्त हलणारे ठिपके मोजतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडा घसरतो. म्हणून मित्राला म्हटलं, एका स्क्रीनशॉटवर रडू नकोस, लॅबमध्ये पुन्हा तपास आणि डॉक्टरकडे तू स्वतः जा.

त्याने सोमवारची वेळ घेतलीय. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.