छावणीचे शहर करणारा सरदार : राणोजी शिंदे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी उज्जैनला मावशीकडे गेलो होतो. एके सकाळी काका मला शिप्रेच्या काठी भैरवगढला घेऊन गेले. तेथला तुरुंग, छिप्यांचे कापडावरील छापकाम आणि काळभैरवाचे देऊळ प्रसिद्ध आहे. या देवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात, हे मी ऐकून होतो. पण माझी नजर खिळली ती देवाच्या मस्तकावरील पगडीवर. ती शिंदेशाही पगडी! महादजी शिंद्यांनी संकटकाळी आपली पगडी येथे अर्पण केली आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, असे सांगतात. सातारा जिल्ह्यातील ही पगडी माळव्यातील देवाच्या डोक्यावर आली कशी? याचे उत्तर शोधताना मला महादजींचे वडील राणोजी शिंदे भेटले.

राणोजी हे कोरेगाव तालुक्यातील कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. घराणे जुने, पण दिवस साधे. ते पेशव्यांच्या पागेत चाकरीला लागले. पेशव्यांचे जोडे छातीशी घट्ट धरून ते झोपी गेले होते आणि ती निष्ठा पाहून धन्याने त्यांना वर चढवले, अशी एक आख्यायिका आहे. मला मात्र ती अपुरी वाटते. जोडे सांभाळून बढती मिळेल, मुलूख सांभाळता येणार नाही.

त्या काळी माळवा म्हणजे मराठ्यांची उत्तरेकडील सरहद्द होती. १७२८ साली चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला व तो मारला गेला. पुढे १७३१ च्या सुमारास बाजीरावांनी माळव्याची वाटणी केली. होळकर, शिंदे आणि पवार यांना मुलूख नेमून दिले. राणोजींनी आपले ठाणे उज्जैनला केले.

येथे माझ्यातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जागा होतो. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा. दरसाल स्वारी करावी, वसुली घ्यावी आणि पावसाळ्याआधी घरी परतावे, हा जुना शिरस्ता. माळव्याच्या रयतेला हे घोडेस्वार सुरुवातीला लुटारूच वाटले असतील आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पण ज्याला तेथेच राहायचे आहे, त्याला पुढच्या वर्षाच्या पिकाचाही विचार करावा लागतो. वाट सुरक्षित असेल तर व्यापारी येतो, व्यापारी आला तर जकात मिळते. लूट ही एकदाच होणारी मिळकत. वसलेले शहर हे भांडवल. राणोजींच्या मृत्यूसमयी माळव्याचे उत्पन्न सुमारे दीड कोटी होते व त्यातील साडेपासष्ट लाख शिंद्यांकडे होते, असा हिशोब इतिहासग्रंथांत आढळतो.

हा कारभार तलवारीच्या बळावर चालला नाही. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे मोठे हुशार गृहस्थ. १२३५ च्या सुमारास अल्तमशाने उद्ध्वस्त केलेले महाकालाचे मंदिर त्यांनीच पुन्हा उभारले. सुमारे ५०० वर्षांनी तेथे शिखर चढले. मंदिर झाले की यात्रा भरते, यात्रा भरली की बाजार बसतो. छावणीला शहरपण येते ते असे.

राणोजी १७३७ च्या भोपाळच्या मोहिमेत निजामाविरुद्ध लढले, १७३९ च्या वसईच्या मोहिमेतही होते. १७४१ मध्ये बादशाहाकडून माळव्याचा अधिकार रीतसर पेशव्यांना मिळाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १७४५ मध्ये, राणोजी शुजालपूरजवळ वारले. त्यांची छत्री तेथेच आहे. कण्हेरखेडच्या मातीत परतणे त्यांच्या नशिबी नव्हते.

घराण्याने किंमतही जबर मोजली. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले, नातू जनकोजी पानिपतात गेले. पाच पुत्रांपैकी अखेर महादजी तेवढे उरले, तेही पायाने अधू होऊन. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. तेथेही त्यांच्या तळाचेच शहर झाले. त्याचे नाव आजही लष्कर!

मी सीमाभागातला. घरात आईशी मराठी, वडिलांशी कानडी. बी. कॉम. झाल्यावर नोकरीसाठी दूर जावे लागणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. मावशीची मुले मराठी बोलतात, पण मधेच हिंदीत घसरतात. मला आधी त्याचे हसू आले होते. भैरवगढहून परतताना आले नाही. परमुलखात जाऊन तेथल्या देवाला आपली पगडी वाहायची आणि तेथल्या बाजाराची भरभराट आपली मानायची, हे सोपे काम नव्हे. मित्रहो, उद्या आपल्यापैकी पुष्कळांना गाव सोडावे लागेल. तेव्हा स्वारीवर गेल्यासारखे जायचे की वस्तीला गेल्यासारखे, एवढे मात्र आपण ठरवू शकतो.