विश्लेषण : गेलेल्या कामाचा हिशेब मांडणारे वर्ध्याचे कुमारप्पा कोण होते?

यंत्र आले की काम कोणाचे जाते आणि त्या माणसाच्या पोटाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पुन्हा चर्चेत आला आहे. वर्ध्यात तो ९० वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. तेव्हा वाद होता तेलाच्या गिरणीचा आणि भात सडणाऱ्या यंत्राचा. तो चिकाटीने मांडणारा माणूस कीर्तनकार नव्हता की पुढारीही नव्हता. तो हिशेब तपासनीस होता. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

लंडनचा हिशेबनीस वर्ध्यात कसा आला?

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये ते लेखापाल झाले, मुंबईत त्यांनी व्यवसाय केला. पुढे अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठातून पदवी घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिगमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भारताच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. देश गरीब का, याचे उत्तर त्यांना लोकांच्या आळसात नव्हे, तर कराचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो यात सापडले. हाच प्रबंध छापण्याच्या निमित्ताने १९२९ मध्ये साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. उंची सुटातला हा गृहस्थ शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला आणि पुढे सूट कायमचाच सुटला.

गांधीजींनी त्यांना आधी गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला लावले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे आले. कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला त्यांनी मर्यादा घातली आणि गांधीजींबरोबरच्या मंडळींनाही तीत सूट दिली नाही. असा काटेकोर माणूस चळवळीत विरळाच. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग आणि इमारत संघाला दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली.

मगनवाडीत नेमके काय चालायचे?

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाट आणि पुलगावला १९व्या शतकाच्या उत्तरार्धातच कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या. शेतातला कापूस गाडीत बसून बाहेर जायचा आणि कापड होऊन विकत परत यायचा. मधल्या कामाची मजुरी मात्र गावाबाहेरच राहायची. तेलबियांचे आणि धान्याचेही तेच होऊ लागले होते. घाण्यावर तेल्याचे कुटुंब जगायचे, उखळावर बायकांना सडणावळ मिळायची. गिरणी थोड्या माणसांत तेच काम उरकायची. तेल स्वस्त झाले हे खरे. पण ज्याची कमाईच बुडाली त्याला स्वस्त तेलाचा काय उपयोग, हा कुमारप्पांचा सवाल होता.

म्हणून मगनवाडीत घाणी सुधारण्याचे, हातकागद बनवण्याचे, मधमाश्या पाळण्याचे, सुधारित चुलीचे प्रयोग झाले आणि खेड्यांतील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण मिळाले. ‘मगनदीप’ हा वनस्पती तेलावर चालणारा कंदील याच विचारातून आला. रॉकेलचा पैसा परदेशी कंपनीकडे जातो, गावच्या तेलाचा शेतकरी आणि तेली या दोघांकडे जातो, इतके साधे गणित त्यामागे होते. ते सरसकट यंत्रविरोधी होते असे समजणे चूक ठरेल. वीज, रेल्वे, मूलभूत उद्योग मोठ्या प्रमाणावर चालावेत, मात्र मालकी समाजाची असावी, असे त्यांचे मत होते.

मजुरीचा तिढा

ग्रामोद्योगाची खरी परीक्षा मजुरीत होती. काम देतो, पण त्यावर पोट भरत नाही, मग ते संरक्षण कसले? १९३५ मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कामाला जगण्यापुरती तरी मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरला आणि चरखा संघाने ते तत्त्व मान्य केले. खादी महागली. देशात किमान वेतनाचा कायदा व्हायला त्यानंतर १३ वर्षे लागली, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे मोल कळते.

पण तिढा सुटला नाही. हाताच्या कामातून निघणारा माल कमी, त्यामुळे मजुरी वाढवली की किंमत वाढणार आणि गरीब गिऱ्हाईक गिरणीच्याच मालाकडे वळणार. जाणीवपूर्वक जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकावर कुमारप्पांनी फार भिस्त ठेवली, असे आज वाटते. शिवाय तेल्याचे काम तेल्यानेच करायचे, चामड्याचे चर्मकारानेच, ही जातीची चौकट त्यांच्या हिशेबात पुरेशी येत नाही. ज्यांना गाव सोडणे हीच सुटका वाटत होती, त्यांना गावातल्या रोजगाराचे आकर्षण वाटण्याचे कारण नव्हते.

सरकारशी कुठे जमले, कुठे बिनसले?

मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर प्रांताच्या औद्योगिक पाहणीची समिती कुमारप्पांकडे सोपवली गेली. ६००हून अधिक गावे पाहून १९३९ मध्ये अहवाल निघाला. आधी गावात कोण काय करतो हे मोजा आणि मग धोरण ठरवा, ही पद्धत तेव्हा नवी होती. नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीत मात्र ते टिकले नाहीत. तिचा ओढा मोठ्या कारखान्यांकडे होता. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. निसर्गाचे भांडवल खाऊन चालणारा उद्योग फार काळ रोजगार देऊ शकत नाही, हा त्याचा गाभा.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. १९४९ च्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, कुळांना संरक्षण आणि किफायतशीर धारणेच्या तिपटीपर्यंत कमाल मर्यादा अशा शिफारशी होत्या. त्यांतल्या बऱ्याच राज्या-राज्यांत पातळ होत गेल्या. कुमारप्पा दिल्लीत थांबले नाहीत. वर्ध्याजवळच्या सेलडोह गावी ‘पन्नै आश्रम’ काढून ते शेतीचे प्रयोग करू लागले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

आजच्या योजनांशी नाते काय?

महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. २००५ मध्ये देशाने तो मार्ग घेऊन ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला. हाताला काम देणे ही सरकारची जबाबदारी, एवढ्यापुरते हे कायदे कुमारप्पांच्या जवळ येतात. पण हमीचे काम अंगमेहनतीचे, अकुशल. काम गेलेल्या विणकराच्या हातातही तेथे कुदळच येते. कुमारप्पांना हवे होते त्याचे कसब टिकवणारे काम, तेही तो बेकार होण्याआधी. त्यासाठी कर, सरकारी खरेदी आणि जंगलातील कच्चा माल यांची धोरणे बदलावी लागली असती, आणि ते काम कधीच मनावर घेतले गेले नाही.

मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी उघडलेले मगन संग्रहालयही तेथे पाहता येते.