लंडनचे बिऱ्हाड, फ्लॉरेन्सची छत्री

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस कासिने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, एक घुमटाकार छत्री उभी असून तिच्याखाली फेटा आणि अलंकार धारण केलेल्या एका तरुण भारतीय राजाचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही त्या राजावरूनच ‘पोन्ते अल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, असे नाव मिळाले. हा पूल १९७८ मध्ये पूर्ण झाला. फ्लॉरेन्सवासीयांचा हा ‘भारतीय’ म्हणजे करवीर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) होत. कोल्हापुरातही राजारामपुरीचे राजाराम महाराज आणि हे राजाराम महाराज यांच्यात पुष्कळांची गल्लत होते. राजारामपुरी हे नाव राजर्षी शाहूंच्या पुत्रावरून पडले, तर राजाराम कॉलेजच्या नावात ज्यांची स्मृती आहे ते हे फ्लॉरेन्सचे राजाराम महाराज.

महाराजांचा जन्म १८५० चा. पाटणकर घराण्यातील हा मुलगा, मूळ नाव नागोजीराव. मामा छत्रपती शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराज यांनी ऑगस्ट १८६६ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांना दत्तक घेतले आणि सोळा वर्षांचा मुलगा करवीरच्या गादीवर आला. संस्थानच्या कारभारावर पोलिटिकल एजंटाची देखरेख होती. महाराजांच्या शिक्षणाची व्यवस्था जमशेटजी नवरोजी उनवाला या पारशी शिक्षकाकडे सोपविण्यात आली, तर त्यांच्या एकूण जडणघडणीवर कॅप्टन एडवर्ड वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याचे लक्ष असे. चार वर्षांत महाराज इंग्रजीत दैनंदिनी लिहिण्याइतके तयार झाले.

१८७० मध्ये युरोपच्या प्रवासाचा बेत ठरला, तेव्हा समुद्र ओलांडणे ही हिंदू राजाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला आणि द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला निवर्तले. दोघांचेही दफन तिकडच्या भूमीतच झाले. साताऱ्याच्या गादीची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी तर लंडनमध्ये चौदा वर्षे तळ देऊन राहिले. परंतु रॉय आणि टागोर गादीवरचे राजे नव्हते आणि रंगो बापूजी वकील म्हणून गेले होते. गादीवर बसलेला हिंदू राजा स्वतः युरोपात जाऊन काही महिने राहतो, हे त्या काळी अगदी विरळा होते. धर्मभ्रष्टतेची शंका, प्रायश्चित्ताचा प्रश्न, परतल्यावर देवघरात आणि पंगतीत काय होईल याची काळजी, हे सारे त्या एका निर्णयाला चिकटलेले होते.

म्हणूनच राहायचे कोठे, हा प्रश्न सोयीपुरता नव्हता. हॉटेलात उतरायचे म्हटले तर चूल आणि पाणी परक्याच्या हाती जाते. स्वतंत्र घर घेतले तर स्वयंपाकी, सेवक, सोवळेओवळे हे सगळे आपल्या ताब्यात राहते. मग दिवसभर कोठेही हिंडावे आणि रात्री आपल्या घरी जेवावे. महाराजांसाठी लंडनमध्ये असे घर घेण्यात आले. युरोपात दुसरी मोठी शहरे नव्हती असे नाही; पॅरिसचे वैभव त्या काळी लंडनपेक्षा डोळ्यांत भरणारे होते. परंतु महाराजांना येणारी परकी भाषा इंग्रजी होती, पालक इंग्रज होता आणि संस्थानचे भवितव्य ज्यांच्या हाती होते ते इंडिया ऑफिस, पार्लमेंट आणि राणीही तेथेच. शिवाय मुंबई इलाख्यात नोकरी करून परतलेले बरेच इंग्रज लंडनमध्ये भेटणार होते. या दृष्टीने पाहता ही निवड झाली तीत नवल नाही. तीस वर्षांनंतरही हाच मार्ग चोखाळला गेला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणास गेलेल्या जयपूरच्या माधोसिंहांनी चांदीच्या प्रचंड गंगाजळ्या बरोबर नेल्या होत्या आणि त्यांचा मुक्कामही लंडनमधील स्वतंत्र वाड्यातच होता.

महाराज मे महिन्यात निघाले आणि जूनच्या मध्यास लंडनला पोहोचले. पुढचे काही महिने हे त्यांच्या छोट्या आयुष्यातील सर्वांत मोकळे दिवस म्हणावे लागतील. त्यांना व्हिक्टोरिया राणीची भेट लाभली, पार्लमेंटचे कामकाज पाहता आले, संग्रहालये आणि नाटकगृहे पाहता आली. दादाभाई नौरोजी यांच्याशी परिचय झाला. पंजाबचे पदच्युत महाराज दलीपसिंगही भेटले. राज्य गेलेला, धर्म बदललेला, इंग्रज जमीनदारासारखे जीवन जगणारा हा राजपुरुष समोर बसलेला असताना वीस वर्षांच्या करवीरच्या छत्रपतींच्या मनात काय आले असेल, हे त्यांच्या दैनंदिनीपेक्षा वाचकाच्या कल्पनेलाच अधिक कळते. लंडनचे बिऱ्हाड कायम ठेवून स्कॉटलंडपर्यंतचा प्रवासही झाला. ही दैनंदिनी महाराजांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने निघाली. संपादन कॅप्टन वेस्ट यांचेच होते. तेव्हा तिच्यातून काय गाळले गेले, हा प्रश्न मनात येतोच. पण रोज नेमाने लिहिणाऱ्या, सगळे नवे डोळे भरून पाहणाऱ्या तरुणाचे चित्र तिच्यातून पुसले गेलेले नाही.

दरम्यान १९ जुलै १८७० रोजी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला आणि फ्रान्समधून दक्षिणेकडे जाण्याचा सरळ मार्ग बंद झाला. परतीसाठी इटलीतील बंदर गाठायचे, तर बेल्जियम, ऱ्हाईनकाठ, म्युनिक आणि तेथून आल्प्स ओलांडून जाणे भाग होते. ब्रेनर खिंडीतील रेल्वे १८६७ मध्ये सुरू झाल्यामुळे हा मार्ग खुला होता खरा, परंतु महाराज निघाले ते हिवाळ्याच्या तोंडावर. लंडनमध्ये घर होते, घडी बसलेली होती. आता रोज नवे गाव, नवे हॉटेल, वाढती थंडी. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे महाराजांची प्रकृती बिघडली. तशाच अवस्थेत त्यांना फ्लॉरेन्सला आणण्यात आले आणि तेथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वयाची २१ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आता बरोबरच्या मंडळींपुढे जो प्रसंग उभा राहिला, त्याची तयारी कोणीच केलेली नव्हती. छत्रपतींचे दफन होऊ देणे त्यांना शक्य नव्हते आणि युरोपात उघड्यावर चिता रचणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. इटलीत मिलानला पहिले आधुनिक दहन झाले ते १८७६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये. एक गोष्ट मात्र अनुकूल होती. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती; रोम जिंकून जेमतेम दोन महिने झाले होते आणि सरकारी कचेऱ्या अद्याप तिकडे हललेल्या नव्हत्या. त्यामुळे विशेष परवानगी तेथल्या तेथे मिळू शकली. हिंदू रीतीप्रमाणे नदीसंगमाची जागा शोधली गेली. प्रयाग चिखलीचा संगम आणि पंचगंगेचा घाट हजारो मैल दूर राहिला होता; त्याच्या जागी अर्नो आणि मुन्योने आल्या. १ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी, अंधारातच, त्या संगमावर चिता पेटली.

१८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा आणि पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. मँट यांचे नाव कोल्हापूरकरांना परके नाही. नवा राजवाडा आणि टाऊन हॉल या वास्तूंचे आराखडे त्यांचेच आहेत. टाऊन हॉलचे बांधकाम १८७२ ते १८७६ या काळातले. म्हणजे फ्लॉरेन्सची छत्री आणि कोल्हापूरचा टाऊन हॉल एकाच हाताने, एकाच सुमारास आखले गेले. टाऊन हॉलच्या बागेत फिरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

करवीरच्या गादीवर मात्र या मृत्यूचे सावट दीर्घकाळ राहिले. १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज मनोरुग्ण ठरविले गेले आणि १८८३ च्या नाताळच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा अंत झाला. १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज. १९०२ मध्ये शाहू महाराजही राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. मागासवर्गीयांसाठी संस्थानातील रिक्त होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा सुप्रसिद्ध हुकूम करवीरच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते विलायतेतच होते. त्याच प्रवासात त्यांनी फ्लॉरेन्सला जाऊन आपल्या या पूर्वसुरींच्या छत्रीचे दर्शन घेतले आणि मग ते कोल्हापूरला सुखरूप परतले.