रिपोर्टमधला ‘ईआर’ आणि डॉ. कमल रणदिवे

स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं पाहिलंय? पेशंट भोकरदनची असो की मुंबईची, औषध ठरवताना डॉक्टर हे आधी पाहतात. अर्थ सोपा आहे. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रोटीन, म्हणजे रिसेप्टर आहे. हार्मोन त्याला चिकटलं की ठरावीक जीन्स कामाला लागतात आणि पेशी वाढत जातात. औषधं हीच साखळी तोडतात.

हार्मोन आणि कॅन्सरचं नातं आपल्याकडे उंदरांवर अभ्यासलं ते डॉ. कमल रणदिवे यांनी. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. कमलताईंनी मात्र जीवशास्त्र निवडलं. १९४९ मध्ये त्यांनी डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी केली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून त्या परतल्या आणि मुंबईत शरीराबाहेर पेशी वाढवणारी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन्स आणि उंदरांतला विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांनी तपासलं.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. २००१ मध्ये त्या गेल्या. आज रिपोर्टवरची ती दोन अक्षरं कुणाला तरी जगण्याची वाट दाखवतात. स्तनात गाठ लागली तर लपवू नका, तपासून घ्या.