कंप्रता आणि वाईचे शास्त्रीजी

रेडिओ, टेलिफोन, तारायंत्र यांची परिभाषा मराठीत कोणी आणली, असे विचारले तर आपल्यासमोर एखादा इंजिनिअर उभा राहतो. मला मात्र धोतर नेसलेले, न्यायशास्त्रात मुरलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आठवतात. शब्द अनेक तज्ज्ञांनी घडवले, पण त्या कामाचे धुरीण शास्त्रीजीच.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा. कोवळ्या वयात ते सातारा जिल्ह्यातील वाईला, नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच झाले. १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळाली. पण पोथीत डोके खुपसून बसणारा हा पंडित नव्हे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यांनीच केले.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण मूळचे देवराष्ट्र्याचे. हे गाव तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातले. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, अध्यक्षपद शास्त्रीजींकडे आले आणि विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले.

लेख लिहायचे तर आधी शब्द हवेत. म्हणून १९७३ मध्ये परिभाषा संग्रह निघाला आणि विश्वकोशाचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ मध्ये. संदेशवहन, प्रेषक, ग्राही, विवर्धक, कंप्रता असे शब्द या कोशात वाचायला मिळतात. मात्र सोवळेपणा नाही. रेडिओ रेडिओच राहिला, इलेक्ट्रॉनही इलेक्ट्रॉनच.

सांगलीत भौतिकी शिकवताना मला या शब्दांचे मोल कळले. जत, खानापूरकडून मराठी शाळांतून आलेली हुशार मुले इंग्रजी 'फ्रिक्वेन्सी' पाठ करत, पण अर्थ विचारला की माना खाली घालत. मग मी कंप्रता सांगे. मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडली की कंप पावते. सेकंदाला किती वेळा, ती तिची कंप्रता. चेहरे उजळत. शब्दात अर्थाचे बोट दिसले की मूल ते धरून पुढे चालते.

सगळेच शब्द रुजले नाहीत. अँटेनाला आकाशक म्हणणारा मला बाजारात कधी भेटला नाही. शाळेच्या पुस्तकांत कंप्रतेऐवजी वारंवारिता रुळली. त्यात खेद कसला? कोशाने बी पेरावे, पीक लोकांनी ठरवावे.

२७ मे १९९४ रोजी शास्त्रीजी गेले. व्हिडिओ कॉल घरोघरी पोचलेला त्यांनी पाहिला नाही. आज सरकारी पत्रकांत बैठक 'दूरदृश्य प्रणालीद्वारे' होते आणि घरात आजी नातवाला 'व्हिडिओ कॉल लाव' म्हणते. दोन्ही मराठीच. मात्र त्या पडद्यामागचे विज्ञान नातवाला आपल्या भाषेत समजावे, ही शास्त्रीजींनी अंगावर घेतलेली जबाबदारी आता आपली आहे.