साळगावचे डॉ. गामा पिंतो : डोळ्याच्या पडद्याचा अभ्यास करणारे बार्देशचे डॉक्टर

म्हापसा : कळंगुटला जाताना वाटेत साळगाव लागतं. पर्यटकांच्या गाड्या तिथं थांबतात त्या पांढऱ्याशुभ्र चर्चचा फोटो काढायला. याच गावात ३० एप्रिल १८५३ रोजी जन्मलेल्या एका मुलाचं नाव आज पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, डोळ्यांच्या मोठ्या सरकारी संस्थेला आहे. ते म्हणजे डॉ. कायेतानो आंतोनियो क्लाउदियो जुलियो रायमुंदो दा गामा पिंतो. लिस्बनमध्ये हे नाव डोळ्यांच्या रुग्णांच्या तोंडी असतं. म्हापशाच्या बाजारात मात्र ते ओळखणारा विरळाच.

त्यांच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, १८५१ साली, नेत्रविद्येत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा बघायचं उपकरण जगापुढं ठेवलं. त्याच वर्षी हाइनरिख म्युलर यांनी या पडद्यात वरपासून खालपर्यंत उभ्या असलेल्या पेशींचं वर्णन केलं. घराला खांब तशा या पेशी. आज त्यांना म्युलर पेशी म्हणतात आणि त्या ग्लिया या गटात मोडतात. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत डिंक. मज्जातंतूंना धरून ठेवणारा निव्वळ चिकट मसाला, एवढीच त्या काळी या पेशींची किंमत होती.

हायडेलबर्गचे दिवस

लिस्बनला वैद्यकीचं शिक्षण घेतल्यावर गामा पिंतो जर्मनीत हायडेलबर्गला गेले. तिथं ऑटो बेकर या नामांकित नेत्रतज्ज्ञाचे ते सहायक झाले. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून आलेल्या माणसानं जर्मन विद्यापीठात जाऊन जर्मन भाषेत शास्त्र लिहायचं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

त्यांनी अभ्यासाला घेतला तो लहान मुलांना होणारा पडद्याचा कर्करोग. बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसायची आणि तोवर रोग बराच पुढं गेलेला असायचा. पोर वाचवायचं तर डोळा काढणं, एवढाच इलाज होता. तोही उशिरा झाला तर पोर हातचं जायचं. या गाठींवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १८८६ साली वीसबाडेनहून निघाला.

त्या काळी या गाठीला पडद्याचा ग्लायोमा म्हणत, कारण ती ग्लिया पेशींतून उगवते असा समज होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच दिसू लागलं. ही गाठ पडद्याच्या अजून पक्व न झालेल्या पेशींची असते, हे पटत गेलं आणि १९२६ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं रेटिनोब्लास्टोमा हे नाव स्वीकारलं. ग्लिया पेशींवरचा आळ असा गेला.

लिस्बनची संस्था

जर्मनीत जम बसत असताना गामा पिंतो लिस्बनला परतले. १८८९ साली तिथं त्यांच्या नेतृत्वाखाली नेत्रचिकित्सेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. रुग्ण तपासणं, शस्त्रक्रिया आणि नव्या डॉक्टरांना शिकवणं, सगळं एका छपराखाली. अनेक वर्षं त्यांनी ती चालवली. १९४५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, लिस्बनमध्येच त्यांचं निधन झालं.

पडदा पुन्हा उगवेल का?

त्यांच्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : माणसाचा पडदा एकदा गेला की गेला. इजा झाली की म्युलर पेशी फुगतात, पसरतात आणि वण तयार करतात. चिऱ्याच्या भिंतीतली खिडकी मोडली म्हणून ती जागा चिऱ्यांनी बुजवून टाकावी, तसंच हे. भिंत शाबूत राहते, पण उजेड बंद.

झेब्राफिश या आपल्याकडच्याच गोड्या पाण्यातल्या इवल्याशा माशाचं मात्र तसं नाही. त्याचा पडदा फाटला तर याच म्युलर पेशी विभागतात आणि गेलेल्या पेशी पुन्हा घडवतात. म्हणजे खांबच गवंडी होतात. सस्तन प्राण्यांत ही कला का नाही, हाच आजचा मोठा प्रश्न. २०१७ साली अमेरिकेत सिएटलच्या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींत एक जनुक चालू केलं, जोडीला एक रसायन दिलं. त्यातून काही नव्या चेतापेशी तयार झाल्या, जुन्यांशी जोडल्या गेल्या आणि त्यांनी उजेडाला प्रतिसादही दिला. अर्थात उंदरातली ही सुरुवात म्हणजे माणसावरचा इलाज नव्हे. तसा इलाज आहे असं सांगून कोणी पैसे मागितले तर सावध राहिलेलं बरं.

तोवर पडदा सांभाळणं हाच खरा उपाय. काचबिंदूत आणि मधुमेहात पडद्याच्या पेशी गुपचूप मरत जातात, दुखत-खुपत काही नाही. म्हणून मधुमेह असलेल्यांनी आणि घरात कोणाला काचबिंदू असलेल्यांनी दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. लहान पोराच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, किंवा डोळा तिरळा वाटला, तर उद्यावर न ढकलता नेत्रतज्ज्ञ गाठावा. गामा पिंतोंच्या काळी तिथं फक्त डोळा काढणं उरायचं. आज वेळेत पोचलं तर औषधं आणि लेझरनं पुष्कळदा पोरही वाचतं, डोळाही.